कॅटफिश म्हणजे सफाई कामगार नव्हे

पत्र थोडक्यात असं : नाशिकजवळ राहणाऱ्या एका वाचक ताईंच्या घरी तीन फुटी फिशटँक आहे. दीड वर्षापासून त्यात अकरा मलावी सिक्लिड (आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले मासे) आहेत, काही पिवळे ‘इलेक्ट्रिक यलो’ आणि काही निळे ‘झेब्रा’. तळाला पांढरा कोरलचा चुरा, मागे दगडांची रास. तळाशी घाण साचते म्हणून दुकानदाराच्या सांगण्यावरून त्यांनी चार छोटे कोरी कॅटफिश आणून सोडले. तीन आठवड्यांत दोन मेले. उरलेले दोघे फिल्टरच्या पाइपामागे, पाण्याच्या वरच्या भागात अंग चोरून असतात. शेपट्या कुरतडलेल्या, मिशा आखूड झालेल्या. दुकानदार म्हणतो, आणखी आठ-दहा कोरी टाका म्हणजे मार विभागला जाईल, नाहीतर सरळ सकर (काचेला तोंडाने चिकटणारा कॅटफिश) घ्या, त्याच्या नादी कोणी लागत नाही. सासूबाई म्हणतात, एका जागी डांबलं की भांडणारच, होईल हळूहळू सवय. सातवीतल्या मुलाचा त्या मिशीवाल्या माशांवर जीव जडला आहे. तो सिक्लिडना ‘गुंड’ म्हणतो आणि सगळे परत देऊन टाक म्हणून हट्ट धरून बसला आहे. आणखी कोरी आणू, सकर आणू, की सिक्लिड देऊन टाकू, असा ताईंचा प्रश्न आहे.

नमस्कार ताई,

बाकी सगळं नंतर. आधी ते दोन कोरी आजच्या आज बाहेर काढा. कॅटफिश फिल्टरच्या पाइपाला चिकटून वर उभा राहतो तेव्हा त्याला खाली उतरायला जागा उरलेली नसते, आणि तळ हेच तर त्याचं घर. त्या अवस्थेत त्याला खायलाही मिळत नाही.

काढताना जाळी वापरू नका. कोरीच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या परांना पुढे एकेक टणक काटा असतो. घाबरला की तो हे काटे ताठ करून कुलूप लावल्यासारखे अडकवतो. शिंगाळा किंवा शिंगटी साफ करताना ज्याच्या बोटात काटा गेला आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. कोरी त्यांचाच लांबचा भाऊबंद. जाळीत हे काटे असे गुंततात की ओढताना पर फाटतो. त्यापेक्षा रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी पाण्यात आडवी धरा आणि हाताने हळूच मासा तिच्यात वळवा. जाळीत अडकलाच, तर माशाला ओढू नका, कात्रीने जाळी कापा.

एखादा मोठा टब घ्या. त्यात याच टँकचं पाणी, हवेचा पंप, आणि फिल्टरमधल्या जुन्या स्पंजचा एक तुकडा घाला. नवा, धुतलेला स्पंज नको. जुन्या स्पंजमध्येच ते उपयोगी जीवाणू असतात, जे माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अंधार होईल असं अर्धं झाकण ठेवा, लपायला पाइपाचा एखादा तुकडा टाका. कुरतडलेले पर स्वच्छ पाण्यात पुन्हा वाढतात, मिशाही मुळापासून गेल्या नसतील तर येतात. मीठ किंवा औषध लगेच ओतू नका. कॅटफिशना दोन्ही लवकर सोसत नाही. रोज थोडं पाणी बदलणं हाच त्यांच्यासाठी सध्याचा उपचार.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. तुम्ही तीन पर्याय मांडलेत, पण त्यातल्या पहिल्या दोन्हींच्या मुळाशी एक गृहीतक आहे, की कॅटफिश तळ साफ करतो. हे गृहीतक तुमच्या एकटीचं नाही. ‘खाली टाकायला एक-दोन’ असंच म्हणून हे मासे विकले जातात. पण टँकमधला कोणताही मासा दुसऱ्या माशाची विष्ठा खाऊन जगत नाही. कोरी वाळूत तोंड खुपसून किडे, अळ्या, पडलेले खाद्याचे दाणे शोधतो. जे खातो त्याची विष्ठा पुन्हा त्याच पाण्यात जाते. चार कोरी आणलेत तेव्हा टँकवरचा भार चार माशांनी वाढला, कमी झाला नाही. तळाला साचलेली घाण सायफनच्या नळीनेच निघते, आणि साचलेलं नायट्रेट पाणी बदलूनच जातं. अकरा मलावी आणि तीन फुटी टँक म्हणजे दर आठवड्याला २५ ते ३० टक्के पाणी बदलायलाच हवं. नळाचं असेल तर क्लोरीन काढून. तळाला घाण दिसते ती बहुधा खाद्य जास्त पडतंय म्हणून. दोन मिनिटांत संपेल एवढंच टाका, आठवड्यातून एक दिवस उपास घडवा, आणि फरक बघा. ही घाण कमी व्हावी एवढाच हेतू असेल, तर तुम्हाला नव्या माशाची गरजच नाही.

पण पत्र वाचताना मला वाटलं, की हेतू आता तेवढाच राहिलेला नाही. तुमच्या घरात त्या मिशीवाल्या माशांवर प्रेम बसलं आहे. म्हणून पुढचं जरा सविस्तर लिहिते.

सिक्लिड त्यांना मारतात ते का, हे समजून घ्या. कोरी दक्षिण अमेरिकेतला, ओरिनोको-अ‍ॅमेझॉनपासून पारानापर्यंतच्या नद्यांमधला. तुमचे पिवळे-निळे सिक्लिड आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले, दगडांच्या कपारींत राहणारे. मधे अख्खा अटलांटिक. निसर्गात यांची कधी गाठच पडलेली नाही, त्यामुळे एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. मलावी सिक्लिडचा नर आपल्या दगडाभोवतीचा तळ स्वतःचा मानतो. दुसरा सिक्लिड आत आला तर तो आधी इशारा देतो. पर फुलवतो, आडवा होऊन अंग दाखवतो, थरथरतो. समोरचा सिक्लिड हे ओळखतो आणि एकतर भिडतो नाहीतर पर मिटून मागे सरतो. बहुतेक वेळा चावाचावी न होताच प्रकरण मिटतं. कोरीला यातलं काही कळत नाही. तो नाक खाली घालून वाळू चाळत पुढेच येतो. सिक्लिडच्या लेखी हा इशारा धुडकावणारा घुसखोर. मग चावा बसतो, आणि तो मऊ जागीच बसतो, म्हणजे डोळे, शेपटी, मिशा. कोरीच्या दोन्ही कुशींना हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत असतं हे खरं, पण या जागा उघड्याच असतात.

म्हणून ‘होईल सवय’ हे इथे लागू होत नाही. डांबल्यामुळे भांडण वाढतं, हे सासूबाईंचं निरीक्षण मात्र अगदी बरोबर आहे. सरोवरात हरलेला मासा पळून जातो, तीन फुटांत तो पळून पळून जाणार कुठे?

दुकानदाराचा सल्लाही पूर्ण खोटा नाही, म्हणूनच तो पटतो. मलावी सिक्लिड जरा दाटीने ठेवले की एकाच कमजोर माशावर सगळा राग निघत नाही, हे हौशी लोक वर्षानुवर्षं करत आले आहेत. कोरी कळपातला मासा आहे, सहापेक्षा कमी ठेवू नये, हेही खरं. या दोन अर्ध्या गोष्टी एकत्र बांधून ‘आणखी दहा कोरी टाका’ असं निघालं. पण दाटीची ती युक्ती सिक्लिड-सिक्लिडमध्ये चालते, जिथे इशारे दोघांनाही कळतात. दहा कोरी टाकलेत तर मार विभागला जाईल, थांबणार नाही. दोघांऐवजी दहा जण पाइपामागे लपतील.

कोरलचा तो चुरा मलावींसाठी उत्तम आहे, तो काढू नका. त्यामुळे पाणी जड, म्हणजे क्षारांचं राहतं आणि पीएच (पाणी आम्ल की अल्क, याचं माप) ७.८ ते ८.६ च्या दरम्यान टिकतो, जो त्यांना मानवतो. पण त्याचे कण धारदार असतात, आणि कोरी दिवसभर मिशांनी तळ चाचपणारा मासा. तुमच्या माशांच्या मिशा सिक्लिडनी तोडल्या की चुऱ्याने आणि साचलेल्या घाणीने झिजल्या, हे मी इथून सांगू शकत नाही. कदाचित दोन्ही.

खाण्याचा पेच तर वेगळाच. झेब्रासारखे मासे सरोवरात दगडांवरचं शेवाळ खरवडून खातात. त्यांची आतडी लांब असतात, आणि त्यांना शाकाहारी, स्पिरुलिना या शेवाळाचं खाद्य मानवतं. कोरीला प्रथिनांचं, तळाला बुडणारं खाद्य लागतं. ते तळाला पोचण्याआधीच मलावी गट्ट करतात. कोरी उपाशी राहतो, आणि मलावींना पोट फुगण्याच्या आजाराचा धोका वाढतो. पोट टम्म होतं, मासा खाणं सोडतो, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा लोंबते. एका टँकमध्ये दोन पंगती वाढणं म्हणतात तेवढं सोपं नसतं.

मग करायचं काय?

तुमच्या जागी मी असते तर कोरींसाठी दुसरा छोटा टँक केला असता. फार खर्चाचं काम नाही. दोन फूट बाय एक फूट बाय एक फूट म्हणजे साधारण ५५ लिटर पाणी, सहा-सात कोरींना पुरे. तळाला बारीक, गोटे-काचा नसलेली चाळलेली वाळू, पाणी निवळेपर्यंत धुतलेली, दीड-दोन इंच. स्पंज फिल्टर, एक लाकूड, चार रोपं. त्यात मोठ्या टँकच्या फिल्टरमधला स्पंज पिळून ते गढूळ पाणी घाला आणि स्पंजचा तुकडाही ठेवा, म्हणजे जीवाणूंची सुरुवात लवकर होते. तरी पहिले काही आठवडे अमोनिया आणि नायट्राइट तपासत राहा, दोन्ही शून्य असायला हवेत. आधी या दोघांना बरं होऊ द्या. मग चार नवे आणा आणि तेही वेगळ्या टबात दोन-तीन आठवडे नजरेखाली ठेवूनच मिसळा. शक्यतो त्याच जातीचे घ्या, कारण कोरी कळप करतो तो आपल्याच जातीच्यांचा.

तुमच्याकडची थंडी विसरू नका. निफाडचा पारा कुठे जातो हे तुम्हाला मी सांगायला नको, आणि ५५ लिटर पाणी एका रात्रीत गार होतं. २४ अंशांवर लावलेला हीटर हवाच. उन्हाळ्यात उलटं. पाणी ३० अंशांच्या वर गेलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, तेव्हा हवेचा पंप जोरात ठेवा, आणि वीज जात असेल तर बॅटरीवर चालणारा एक पंप घेऊन ठेवा. कोरी अधूनमधून सुसाट वर येऊन हवेचा घोट घेतो आणि खाली जातो. मुलगा घाबरून हाक मारेल, पण हे नैसर्गिक आहे, कोरी आतड्यातून हवा शोषू शकतो. सारखाच वर येऊ लागला तर मात्र पाणी तपासा.

दुसरा पर्याय मुलगा म्हणतो तोच. सिक्लिड द्यायचे आणि मोठा टँक कोरींभोवती उभा करायचा. हट्ट म्हणून तो उडवून लावू नका, कारण कोरी आणि सिक्लिड एकत्र राहू शकतात, सिक्लिड वेगळे हवेत एवढंच. एंजलफिश हाही सिक्लिडच आहे, डिस्कसही. दोघेही दक्षिण अमेरिकेतले, मधल्या पाण्यात वावरणारे, आणि कोरींच्या वाटेला सहसा न जाणारे. कोरल काढून वाळू टाकली, लाकूड-रोपं लावली, तर तुमच्या तीन फुटांत दोन-तीन एंजल आणि आठ-दहा कोरी सुखाने राहतील. डिस्कसला २८ ते ३० अंश पाणी लागतं, ते बहुतेक कोरींना जास्त होतं. तिथे ठिपक्यांचा, नारिंगी काट्यांचा स्टर्बाय कोरी चालतो. एंजलनी अंडी घातली की रात्री कोरी ती खातात, एवढं गृहीत धरा. अंधारात आईबापांना दिसत नाही, कोरींना मिशा पुरतात. आणि जमिनीलगत गुहेत अंडी घालणारे क्रिबेन्सिससारखे सिक्लिड छोटे दिसले तरी कोरींबरोबर नकोत. पिल्लं सांभाळताना ते कोरींना जगू देत नाहीत.

ज्यांच्याकडे ऑस्कर किंवा फ्लॉवरहॉर्न यांसारखे मोठे सिक्लिड आहेत त्यांनी तर छोटा कॅटफिश आणूच नये. तोंडात मावेल ते ऑस्कर गिळतो. कोरी घशात काटे उघडून अडकतो आणि मग दोघेही जातात.

मलावींच्याच टँकमध्ये कॅटफिश हवा, असंही तुमच्या मनात असेल. तर दोन नावं सांगते. एक ब्रिसलनोज, म्हणजे अँसिस्ट्रस. १२ ते १४ सेंटिमीटरवर थांबतो, जड पाणी सोसतो, अंगाने चपटा आणि चिवट. एकच आणा, आणि आणताना तो निदान सात सेंटिमीटरचा तरी असू द्या. त्याला अशी जागा द्या जिथे तो शिरेल पण सिक्लिड शिरणार नाही. पीव्हीसी पाइपाचा अरुंद तुकडा दगडांत दडवा, किंवा नारळाच्या करवंटीला खाली छोटं भोक पाडून ती पालथी ठेवा. दिवे बंद झाल्यावर काकडीची किंवा किंचित वाफवलेल्या दुधीची चकती खडा बांधून बुडवा, सकाळी उरलेली काढून टाका. तो काचेवरचं शेवाळ खातो, पण शेवाळावर त्याचं पोट भरत नाही.

दुसरा सायनोडोंटिस. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातल्या त्याच्या जाती जड पाण्यातल्याच, सिक्लिडच्या शेजारातच वाढलेल्या, चपळ आणि खमक्या. त्यातला पेट्रिकोला या नावाने मिळणारा छोटा, दहा सेंटिमीटरच्या आसपासचा. मल्टिपंक्टेटस जरा मोठा, आणि त्याची गोष्ट मुलाला नक्की सांगा. सिक्लिडची जोडी अंडी घालत असते तेव्हा हा मधे घुसून आपली अंडी टाकतो. सिक्लिडची मादी घाईघाईने सगळी अंडी तोंडात घेते, त्यात याचीही जातात. याची पिल्लं आधी फुटतात आणि यजमानाची अंडी-पिल्लं खाऊन वाढतात. कोकिळा आणि कावळ्यासारखंच, पण जास्त निष्ठुर. तुम्हाला मलावींची पिल्लं वाढवायची असतील तर हा नको. दुकानात ‘सायनो’ म्हणून सरसकट जे मिळतं त्यात २० सेंटिमीटरच्या पुढे जाणाऱ्या जातीही असतात, तेव्हा जात विचारल्याशिवाय घेऊ नका. सायनोही तीन-चारच्या गटात बरे राहतात, आणि तुमच्या अकरा माशांच्या टँकमध्ये तेवढी जागा मला दिसत नाही. दोन्हींत मी अँसिस्ट्रसकडेच झुकेन.

आणि सकर? तो नको, हे मी ठामपणे सांगते. दुकानात बोटाएवढा दिसणारा हा मासा ३० ते ४५ सेंटिमीटर होतो. तीन फुटी टँकमध्ये त्याला धड वळताही येत नाही, त्याची विष्ठाच तुमच्या सगळ्या माशांपेक्षा जास्त होईल. मग लोक काय करतात? जवळच्या तळ्यात, नदीत नेऊन सोडतात. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात आज हा सकर येतो, त्याच्या काटेरी अंगाने जाळी फाटतात, आणि त्याला बाजारात कोणी घेत नाही. तो तिथे आपणहून गेलेला नाही. नको झालेला मासा, कितीही छोटा आणि कितीही दया येऊन, गोदावरीत किंवा गणपतीच्या विसर्जन कुंडात सोडू नका. दुकानदाराला फुकट परत द्या, दुसऱ्या हौशी माणसाला द्या. अँसिस्ट्रस घेताना फसगत होऊ नये म्हणून पाठीवरचा पर बघा. तो उंच, शिडासारखा पसरणारा असेल तर तो सकर. अँसिस्ट्रसचा तो लहान असतो, डोकं रुंद आणि चपटं, आणि वयात आलेल्या नराच्या नाकावर मऊ तंतूंचा झुपका असतो.

राहता राहिला मुलगा. सिक्लिड देण्याचा निर्णय निदान महिनाभर थांबवा आणि त्याला एक काम द्या. इलेक्ट्रिक यलोंपैकी एखादी मादी खाद्य टाकल्यावरही पुढे येत नाही का, तिचा गळा खाली फुगलेला दिसतो का, ती तोंडात काही घोळवल्यासारखी हालचाल करते का, हे रोज बघून लिहून ठेवायला सांगा. तसं दिसलं तर तिच्या तोंडात अंडी आहेत. जवळपास तीन आठवडे ती जवळजवळ उपाशी राहून ती सांभाळेल. ज्यांना तो गुंड म्हणतो त्यांच्यातलीच ती. त्याला हेही सांगा की सिक्लिड आणि कॅटफिशचं जन्मजात वैर नाही. मलावी सरोवरात काम्पांगो नावाचा मोठा कॅटफिश आहे, मीटरभर होणारा, एरवी सिक्लिड खाणारा. पण त्याचे नर-मादी घरट्यात आपली पिल्लं राखत असतात तेव्हा काही सिक्लिड आपली पिल्लंही त्यांच्या राखणीत आणून सोडतात आणि ती तिथे वाढतात.

कोरी बाहेर काढल्यावर मोठ्या टँकचा पीएच आणि पाण्याचा जडपणा मोजून कळवा, आणि पाणी नळाचं भरता की बोअरचं तेही. त्यावरून नव्या टँकसाठी कुठलं पाणी वापरायचं आणि त्या दोघांना नव्या पाण्यात किती सावकाश न्यायचं, हे मी नेमकं सांगू शकेन.